डॅलसहून नॉर्थईस्टला: एडिसन, हार्टफर्ड की वेस्टबरो? एका घराची पूर्ण केस

माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, २०२४ च्या उन्हाळ्यात डॅलसजवळच्या फ्रिस्कोमधून मॅसॅच्युसेट्सला बिऱ्हाड हलवलं, त्याची ही केस. सविस्तर लिहायचं कारण असं की नॉर्थईस्टला यायचं म्हटलं की आपले लोक आधी राज्य ठरवतात, मग गाव, मग शाळेचं रेटिंग, आणि नोकरीचं काय ते गृहीत धरलेलं असतं. व्हिसावरच्या घरासाठी हा क्रम चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. तुम्ही एच-१बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या वर्क व्हिसावर असाल तर पहिला प्रश्न हा, की उद्या लेऑफ झाला तर घर न हलवता, मुलांची शाळा न बदलता ६० दिवसांत दुसरी नोकरी कुठे मिळू शकेल. टॅक्स, बर्फ, देऊळ, इंडियन ग्रोसरी हे सगळं त्याच्या नंतर.

आधी घरची परिस्थिती सांगते. दादा एका इन्शुरन्स कंपनीच्या आयटीमध्ये, एच-१बीवर, आय-१४० (कंपनीने त्याच्यासाठी केलेला ग्रीन कार्डचा अर्ज) अप्रूव्ह होऊन बरीच वर्षं झालेली, ग्रीन कार्डची रांग सगळ्या भारतीयांची असते तशी, संपता संपत नाही. वहिनी क्लिनिकल ट्रायल्सच्या डेटाचं एसएएस प्रोग्रामिंग करते, एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारं वर्क परमिट), कंपनी बॉस्टनच्या शेजारच्या केंब्रिजची पण काम फ्रिस्कोमधून, घरून. मुलगी चौथीत, मुलगा त्या सप्टेंबरच्या मध्यावर पाच पूर्ण होणार. आणि आत्या, म्हणजे दादाची आई, साताऱ्याला असते, उन्हाळ्यात काही महिने मुलाकडे येऊन राहते. असं सगळं छान चाललं होतं आणि दादाच्या कंपनीने सांगितलं की रिमोट बंद, कनेक्टिकटमधलं हार्टफर्ड किंवा मध्य न्यू जर्सी यातलं एक ऑफिस निवडा, आठवड्यात दोन दिवस यावंच लागेल. त्याच सुमारास वहिनीच्या कंपनीनेही विचारलं की बॉस्टनजवळ येता का, दोन दिवस ऑफिस, नाही आलात तर पुढचं आत्ता सांगता येणार नाही. मी गेली बरीच वर्षं वूस्टरच्या बाजूला राहते, त्यामुळे फोन मला आला, आणि पुढचे काही महिने हा आमच्या दोन्ही घरांचा रोजचा विषय होता.

दादाची पहिली पसंती न्यू जर्सीतलं एडिसन. साहजिक आहे, त्याचे कॉलेजचे अर्धे मित्र तिथे, ओक ट्री रोडवर काय मिळत नाही ते विचारा, मराठी विश्वचे कार्यक्रम, पोरांसाठी मराठी शाळा, रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उघडलेलं, आत्याला तर तिथे परदेशात आल्यासारखं वाटलंच नसतं. वहिनीची पसंती बॉस्टनच्या पश्चिमेची गावं, कारण हातात असलेली नोकरी. आणि दादाच्या मॅनेजरचा सल्ला सरळ हार्टफर्डजवळ घर घ्या हा, तिथे घरं स्वस्त, साउथ विंडसर, रॉकी हिल, ग्लॅस्टनबरी ही गावं चांगली, आपली वस्तीही आहे.

मी पहिल्याच कॉलवर दोघांना म्हटलं की आवडीनिवडी बाजूला ठेवा, आधी व्हिसाचं बघू. दादाची नोकरी गेली तर ६० दिवसांचा ग्रेस पीरियड मिळतो, हा नियम २०१७ पासून आहे. पण वहिनीचं ईएडी दादाच्या स्टेटसवर उभं आहे, म्हणजे त्याचं एच-१बी गेलं की तिची नोकरी कितीही पक्की असली तरी तीही जाते. दोन पगार दिसतात खरे, पण आधार एकच. त्यामुळे ज्या भागात दादाला इन्शुरन्स आयटीत पटकन दुसरं काम मिळेल तो भाग महत्त्वाचा, आणि त्याच भागात वहिनीलाही फार्मामध्ये पर्याय असले पाहिजेत, नाहीतर तिची नोकरी गेली की पुन्हा घर हलवायची वेळ.

दुसरी गोष्ट पर्मची, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनी लेबर डिपार्टमेंटकडून घेते त्या मंजुरीची. कंपनी तीच असली तरी कामाची जागा डॅलसमधून हलली की एच-१बीची अमेंडमेंट आधी फाइल करावी लागते, हे २०१५ पासून स्पष्ट आहे, आणि ग्रीन कार्डचं पर्म जागेला बांधलेलं असल्यामुळे तेही नव्याने. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतल्या नंबराची तारीख, मात्र जुनीच राहते. दादाला वाटत होतं की इतक्या वर्षांची रांग वाया जाणार, दोन रात्री झोपला नाही, वकिलाशी बोलल्यावर जिवात जीव आला. जी मंडळी याच भीतीने चांगली ऑफर सोडतात त्यांनी एकदा वकिलाला विचारावं, आय-१४० जुना असेल तर तारीख हातात राहते. खर्च आणि वेळ लागतो तो वेगळा, आणि वेळ भरपूर लागतो.

आता एकेक पर्याय.

न्यू जर्सी या कसोटीला चांगलं उतरतं, हे मान्य केलंच पाहिजे. इन्शुरन्ससाठी नूअर्कला प्रुडेन्शियल, पलीकडे अख्खं न्यू यॉर्क, आणि फार्मा तर त्या राज्याची जुनी ओळख, न्यू ब्रन्सविकला जॉन्सन अँड जॉन्सन, राहवेला मर्क. एडिसन किंवा मेटुचनला ट्रेनमध्ये बसलं की थेट न्यू यॉर्क पेन स्टेशन. अडचण दोन ठिकाणी. एक म्हणजे वहिनीला हातची नोकरी सोडून नवीन शोधावी लागणार होती, आणि तेव्हा फार्मामध्ये भरती मंदावलेली होती. दुसरं, दादाच्या टीमचे सगळे वरिष्ठ हार्टफर्डला बसतात, न्यू जर्सीचं ऑफिस छोटं, आणि कंपनीने उद्या एखादं ऑफिस बंद करायचं ठरवलं तर छोटं आधी बंद होणार हे सांगायला कोणी ज्योतिषी नको. प्रॉपर्टी टॅक्स हा तिसरा मुद्दा, राज्याची सरासरीच वर्षाला १०,००० डॉलरच्या घरात, देशात सगळ्यात जास्त. टेक्सासवाल्याला मोठ्या प्रॉपर्टी टॅक्सचं काही वाटत नाही म्हणा, पण टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा टॅक्स शून्य होता आणि इथे दोन्ही भरायचे.

एक गोष्ट मात्र न्यू जर्सीच्या बाजूने खूप जड होती आणि ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती, ती म्हणजे धाकट्याचा वाढदिवस. न्यू जर्सीत बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये किंडरगार्टनची कटऑफ १ ऑक्टोबर असते, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर पाच होणारा मुलगा त्याच वर्षी शाळेत. आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये गावागावाचा नियम वेगळा पण या भागात ऑगस्टअखेर किंवा १ सप्टेंबर, आणि कनेक्टिकटने तर पूर्वीची १ जानेवारीची तारीख बदलून २०२४ पासून १ सप्टेंबर केली. दोन आठवड्यांच्या फरकासाठी पूर्ण एक वर्ष डेकेअर, आणि मॅसॅच्युसेट्सचं डेकेअर देशातल्या सगळ्यात महागांपैकी, महिन्याला दोन हजारांच्या वरच धरून चालायचं. ज्यांची मुलं सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेली आहेत त्यांनी टॅक्सच्या टक्केवारीआधी ही तारीख बघावी, पहिल्या वर्षाचा हिशोब तिनेच फिरतो.

हार्टफर्ड. दादासाठी खरं तर हेच सगळ्यात सोयीचं, ट्रॅव्हलर्स, द हार्टफर्ड, एटना, जवळच ब्लूमफील्डला सिग्ना, इन्शुरन्सचं शहर म्हणतात ते उगाच नाही. साउथ विंडसरची चार बेडरूमची घरं बघून तर दादा विरघळलाच होता, आमच्या बाजूला तेवढ्या पैशात केप पद्धतीचं जुनं, छोटं तीन बेडरूमचं घर मिळतं. पण वहिनीला तिथून केंब्रिज जवळजवळ १०० मैल एका बाजूला, आणि हार्टफर्डच्या आसपास तिच्या कामाच्या कंपन्या बॉस्टन किंवा न्यू जर्सीच्या मानाने अगदीच कमी.

आणि त्या भागात घर घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवी अशी एक गोष्ट आहे, जी झिलोसारख्या घरांच्या साइटवर दिसत नाही. कनेक्टिकटच्या ईशान्य भागात, टॉलंड, व्हर्नन, एलिंग्टन, मँचेस्टर, साउथ विंडसर या पट्ट्यात, साधारण १९८३ ते २०१५ दरम्यान बांधलेल्या हजारो घरांचे पाये आतून फुटताहेत. विलिंग्टनच्या एका खाणीतली खडी काँक्रीटमध्ये वापरली गेली, तिच्यात पायरोटाइट नावाचं खनिज होतं, पाणी आणि हवा लागली की ते फुगतं आणि काँक्रीट हळूहळू भुसभुशीत होत जातं. पंधरा वीस वर्षं काही दिसत नाही, मग बेसमेंटच्या भिंतीवर नकाशासारख्या भेगा येतात, आणि त्यावर दुरुस्ती अशी नाहीच, अख्खं घर जॅकवर उचलायचं, जुना पाया फोडून काढायचा, नवा ओतायचा आणि घर परत खाली ठेवायचं. खर्च दीड ते अडीच लाख डॉलर. नेहमीच्या होम इन्शुरन्सने बहुतेकांना नाही म्हटलं, शेवटी राज्याला त्यासाठी वेगळी व्यवस्था उभी करावी लागली, ती २०१९ पासून पैसे देतेय, पण मर्यादेपर्यंतच आणि नंबर लागेल तेव्हा. सीमेलगतच्या मॅसॅच्युसेट्सच्या काही गावांतही हा प्रकार निघालाय. म्हणून तिथे घर बघायचं तर नुसतं होम इन्स्पेक्शन पुरत नाही, पायातून कोअर, म्हणजे काँक्रीटचा नमुना, काढून लॅबमध्ये टेस्ट करून घ्यायची, आणि विकणारा नको म्हणाला तर सरळ पुढचं घर बघायचं. दादाने पसंत केलेल्या दोन घरांपैकी एक १९९० च्या दशकातलं होतं आणि एजंटने पायाचा विषयही काढला नव्हता. मी ठिकाणांची नावं आणि सालं पाठवल्यावर दादाने त्याला विचारलं, तर कोअर टेस्ट झालेली नव्हती.

न्यू हॅम्पशायरचं नॅशुआही कुणीतरी सुचवलं, पगारावर टॅक्स नाही, सेल्स टॅक्स नाही. पण वहिनी ज्या दिवशी केंब्रिजला जाऊन काम करणार त्या दिवसांच्या पगारावर मॅसॅच्युसेट्स टॅक्स घेणारच, आणि नॅशुआहून हार्टफर्ड फार लांब. विषय तिथेच संपला.

राहिला आमचा पट्टा, वेस्टबरो, श्रूजबरी, ग्राफ्टन, बॉस्टन आणि हार्टफर्डच्या मधला. इथे मला जे दिसत होतं ते दादाला नकाशावर दिसत नव्हतं. वेस्टबरोहून हार्टफर्ड साधारण ७० मैल, मास पाइक या टोल हायवेने स्टर्ब्रिज आणि तिथून आय-८४. म्हणजे हार्टफर्डच्या सगळ्या इन्शुरन्स कंपन्या आठवड्यात दोन दिवस जाण्याच्या अंतरात, शिवाय दहा मैलांवर वूस्टरला हॅनोव्हर, बॉस्टनला लिबर्टी म्युच्युअल, स्प्रिंगफील्डला मासम्युच्युअल. आणि वहिनीसाठी केंब्रिज तर आहेच, पण आय-४९५ वर मार्लबरोला बॉस्टन सायंटिफिक आणि होलॉजिक, वूस्टरला अ‍ॅबव्ही. दोन वेगवेगळ्या जॉब मार्केटच्या मध्ये एक घर. हार्टफर्डजवळ राहिलं तर दादाचं मार्केट मिळतं, बॉस्टनच्या अगदी जवळ राहिलं तर वहिनीचं, इथे दोन्ही मिळतात, किंमत म्हणजे दोघांचाही कम्यूट लांब. आठवड्यात पाच दिवस ऑफिस असतं तर मी हा सल्ला दिलाच नसता.

अ‍ॅक्टनचीही चर्चा झाली, शाळांचं नाव मोठं, आणि केंब्रिजला जाणाऱ्यांसाठी ते खरंच सोयीचं, कारण फिचबर्ग लाइनची ट्रेन पोर्टर स्क्वेअरला थांबते आणि तिथून रेड लाइन मेट्रोने तिसरं स्टेशन केंब्रिजमधलं केंडल. वेस्टबरोची ट्रेन साउथ स्टेशनला नेते, तिथून रेड लाइनने उलटं वर यायचं, पंधरा वीस मिनिटं जास्तीची. पण अ‍ॅक्टनहून दादाला हार्टफर्ड जमलंच नसतं.

मी एका गोष्टीवर हट्ट धरला, की काय ठरवायचं ते फेब्रुवारीत येऊन ठरवा. ऑक्टोबरमध्ये ही गावं इतकी देखणी असतात की माणूस काहीही साइन करेल. आले दोघं, मुलांना मैत्रिणीकडे ठेवून. मंगळवारी सकाळी साडेसहाला दादा भाड्याच्या गाडीने वेस्टबरोहून हार्टफर्डला निघाला, मी शेजारी. पाइकवर आमच्या समोरच्या बाजूने बॉस्टनकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे एकामागे एक तुंबलेले आणि आमची बाजू मोकळी. सूर्य पाठीमागे. दादाच्या लक्षात आलं की संध्याकाळी परत पूर्वेकडे येतानाही सूर्य पाठीलाच असणार, फ्रिस्कोत ऑफिसला जायचा तेव्हा त्याचं रोज उलटं व्हायचं, जाताना डोळ्यावर आणि येताना डोळ्यावर. स्टर्ब्रिजच्या पुढे आय-८४ कनेक्टिकटमधल्या युनियन गावाच्या टेकड्या चढतो, तिथे रस्त्याच्या कडेला बर्फ अजून कमरेएवढं होतं आणि तापमान गाडीतल्या डिस्प्लेवर चार पाच डिग्रीने खाली गेलं, टॉलंड ओलांडल्यावर परत साधं. सव्वा तासात ऑफिसच्या पार्किंगमध्ये. त्या टेकड्यांवर हवा बिघडते तेव्हा वेस्टबरो आणि हार्टफर्ड दोन्हीकडे नुसता पाऊस असू शकतो, त्यामुळे दोन गावांचा अंदाज बघून निघायचं नाही, मधला बघायचा, हे मी त्याला तिथेच सांगितलं.

वहिनी त्या दिवशी ट्रेनने गेली. घरापासून केंडलच्या दारापर्यंत पावणेदोन तास. परत येताना साडेचारला अंधार पडायला लागतो हे डिसेंबरमध्ये, फेब्रुवारीत थोडा उजेड असतो, तरी मी तिला स्पष्ट सांगितलं की डिसेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो, डॅलसच्या एक तास आधी, आणि पहिल्या वर्षी थंडीपेक्षा त्याचा त्रास जास्त होतो. ती म्हणाली, आठवड्यात दोनदा आहे ना, मग ट्रेनमध्ये काम उरकता येतं. तिला ट्रेन आवडली होती, टेक्सासमध्ये गाडीशिवाय कुठे जाताच येत नव्हतं.

पैशांचं थोडक्यात. मॅसॅच्युसेट्सचा इन्कम टॅक्स सरळ ५ टक्के, कपड्यांवर १७५ डॉलरपर्यंत सेल्स टॅक्स नाही. दादा ज्या दिवशी हार्टफर्डला काम करतो त्या दिवसांच्या उत्पन्नावर कनेक्टिकट टॅक्स घेतं आणि त्याचं क्रेडिट इथे मिळतं, दोन रिटर्न भरावे लागतात एवढंच. वकिलाने एच-१बीच्या पेपरांत हार्टफर्डचं ऑफिस आणि वेस्टबरोचं घर दोन्ही जागा घातल्या, कारण तीन दिवस तो घरून काम करतो आणि ते वेगळं राज्य आहे. हे विसरू नका, बरेच जण विसरतात. विजेचा दर टेक्सासच्या जवळपास दुप्पट, अपवाद स्वतःची वीज कंपनी असलेल्या गावांचा, आमच्याकडे श्रूजबरीची आहे आणि तिथल्या लोकांची बिलं बघून मला दर वेळी हेवा वाटतो.

आत्याचा मुद्दा सगळ्यांनी थंडीशी जोडला होता, तिला इथला बर्फ कसा झेपेल वगैरे. पण आत्या येते मेमध्ये आणि जाते ऑक्टोबरात, बर्फ तिला दिसणारच नाही! तिचा खरा प्रश्न हा की ती गाडी चालवत नाही, आणि दिवसभर दोघं कामात असताना तिला पायी कुठे जाता येईल का. म्हणून अपार्टमेंट बघताना मी फुटपाथ बघायला लावले. न्यू इंग्लंडच्या बऱ्याच गावांत सुंदर मोठी घरं असतात आणि बाहेर चालायला फुटपाथ नसतो, रस्त्याच्या कडेने चालावं लागतं. त्यांनी घेतलेल्या जागेपासून वेस्टबरोचं डाउनटाउन आणि लायब्ररी चालत, फुटपाथ सलग. अ‍ॅशलंडचं लक्ष्मी मंदिर गाडीने वीसेक मिनिटं, न्यू इंग्लंड मराठी मंडळाचा गणपती होतो, एडिसनएवढी गर्दी नाही, पण आत्याला पहिल्याच उन्हाळ्यात लायब्ररीच्या बाकावर साताऱ्याजवळच्या कोरेगावच्या एक बाई भेटल्या आणि आमची काळजी मिटली.

मग जूनमध्ये सामान आलं. टेक्सासची शाळा मेअखेर संपते आणि इथली जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालू असते, त्यामुळे मुलीला येऊन आधी शाळेची इमारत आणि मुलं बघता आली. घर विकत घ्यायचं नाही हे मी आधीच वदवून घेतलं होतं. वर्षभराचं लीज, भाडं दोन बेडरूमला तीन हजारच्या आसपास, आणि इथे पहिला महिना, शेवटचा महिना आणि डिपॉझिट एकदम मागू शकतात त्याची तयारी ठेवून. घर न घेण्याची कारणं साधी होती. दादाचं नवीन पर्म व्हायचं होतं. शिवाय इथली घरं टेक्सासवाल्याला नवीन भाषा शिकल्यासारखी आहेत, ऑइल हीटिंग, सेप्टिक टँक असेल तर त्याचं विक्रीआधीचं टायटल फाइव्ह इन्स्पेक्शन, वूस्टर काउंटीत रेडॉन (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू) जास्त म्हणून त्याची टेस्ट, १९७८ च्या आधीचं घर असेल आणि सहा वर्षांखालचं मूल असेल तर लेड पेंट काढून घेणं कायद्याने मालकावर, आणि तुम्ही विकत घेतलं की मालक तुम्हीच. धाकटा तेव्हा पाचाचाही नव्हता.

दोन हिवाळे झालेत आता. दादा पहिल्या हिवाळ्यात युनियनच्या टेकडीवर एकदा अडीच तास अडकला, त्यानंतर त्याने विंटर टायर घातले आणि मॅनेजरशी बोलून वादळाच्या आठवड्यात ऑफिसचे दिवस पुढेमागे करायची मुभा घेतली. मॅनेजर स्वतः व्हर्ननहून येतो, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. वहिनीच्या कंपनीत मधे कपात झाली, तिचं काम टिकलं, पण त्या दोन आठवड्यांत तिने मार्लबरो आणि वूस्टरच्या कंपन्यांशी बोलणी सुरू केली होती आणि घर हलवायचा विषय एकदाही निघाला नाही. मी पहिल्या कॉलवर जे म्हणत होते ते एवढंच होतं.

दादाला एडिसनची आठवण येते, लाँग वीकेंडला चार तास गाडी चालवून जातात आणि डिकी भरून परत येतात. मला हे खरं नुकसान वाटतं, मी ते कमी लेखत नाही. मित्र जवळ असणं ही मोठी गोष्ट आहे, आणि दादा-वहिनीचं ग्रीन कार्ड झालेलं असतं तर मीच म्हटलं असतं की जा न्यू जर्सीला.

सध्या तिसऱ्या वर्षाचं लीज चालू होतंय. पर्म फाइल झालंय, डिपार्टमेंट ऑफ लेबरकडे आहे. धाकटा शाळेत गेल्यामुळे डेकेअरचे पैसे सुटलेत, ते बाजूला टाकून श्रूजबरीत घर बघणं सुरू आहे, विजेच्या बिलामुळे आणि मुलीला मिडल स्कूलमध्ये फार मधेच हलवायला नको म्हणून. गेल्या शनिवारी बघितलेल्या घराचा रेडॉन रिपोर्ट अजून यायचाय.